मोज्याचा घोगरा आवाज

आजोबांचा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. पुढच्या दाराशी हाक मारली की मागच्या बाकावरचा झोपलेला उतारू जागा व्हायचा, असा आवाज. घशाचं लहानसं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस तोंडाला कुलूप लावायला सांगितलं आणि घर सुनंसुनं झालं.

आजोबा पाटीवर लिहून दाखवत. पण नात छकुलीला अजून वाचता येत नव्हतं, आणि तिचा धाकटा भाऊ गोट्या पाटी चाटून बघायचा.

शेवटी आजीने जोडीदार हरवलेल्या मोज्यांचं गाठोडं सोडलं. हिरव्या मोज्याला लाल कापडाची जीभ लावली, बटणांचे डोळे शिवले. गोट्याने हट्टाने तिसरा डोळा नाकावर शिवून घेतला.

आजोबांनी मोजा हातात चढवून त्याचं तोंड हलवायचं आणि छकुलीने शेजारी बसून बोलायचं, असं ठरलं.

"आजोबा म्हणतात, आज दुधाला सुट्टी."

मोज्याने जोरजोरात 'नाही, नाही' अशी मान हलवली.

"म्हणजे उद्यापण सुट्टी," छकुलीने अर्थ लावला. आजी पदरात तोंड लपवून हसली.

पुढे डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आजोबांनी न्हाणीघरात दार लावून एक शब्द उच्चारला आणि स्वतःच दचकले. आवाज पार घोगरा, फाटका. बाहेर येऊन ते पुन्हा गप्प.

"अहो, वापरल्याशिवाय घसा सुटणार कसा?" आजी म्हणाली.

त्यांनी पाटीवर लिहिलं : पोरं घाबरतील.

दुसऱ्या दिवशी गोट्याने मोज्याला विचारलं, "तू झोपताना किती डोळे मिटतोस?"

छकुलीच्या तोंडात केळ्याचा बोकाणा होता. तिने 'थांब' म्हणून हात केला. गोट्याला कुठला धीर? त्याचे ओठ थरथरू लागले, आता भोकाड पसरणार. ते बघून आजोबा बोलून गेले, "दोन. एक पहाऱ्याला."

गोट्याने मोज्याच्या तोंडाला कान लावला. मग निवाडा दिला, "हाच खरा मोज्याचा आवाज. ताई खोटं बोलायची."

आजोबा हसले. हसूही घोगरंच निघालं, पण कुणी घाबरलं नाही.

छकुली मात्र फुरंगटली. "मग मी आता काय करू?"

"दुसरा मोजा घे," आजोबा खाकरून म्हणाले, "आणि भांड माझ्याशी."

तिने पिवळा मोजा ओढून चढवला. रात्री घोरतं कोण, यावरून दोन्ही मोज्यांची जुंपली आणि आजी हातातलं काम टाकून साक्ष द्यायला मधे येऊन बसली.