वहीत वाढणारं पाणी

"थांब रे बाबा, हलू नको!" माझ्या अंगावर शाईने 'साग' असं लिहिताना मल्हारीमामा पुटपुटले होते. तो आवाज अजून माझ्या रेषारेषांतून फिरतो. मित्रांनो, मी साग नाही. गंगापूर रोडवरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात राहणारा मी पाइनचा जुना ठोकळा आहे.

खरा सागाचा ठोकळा वाळवायला शेगडीजवळ ठेवला आणि मल्हारीमामांच्या हातून जळाला. मामा प्रयोगशाळेतले शिपाई. तेव्हा नोकरी नवी, धाक मोठा. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसबाहेर खोकी रचायचं एक मोडकं लाकडी पॅलेट पडलं होतं. त्यातून त्यांनी मला कापलं, घासलं, पॉलिश केलं. शंभर घन सेंटिमीटर, अगदी मापात. नाव तेवढं उसनं.

पाण्यात मला स्वस्थता नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडलं की मी डुलतो, हिंदकळतो, आणि माझ्या वजनाइतकं पाणी तोटीतून सांडतं: अठ्ठेचाळीस मिलिलिटर. मग मुलं मला सुईने पुरतं बुडवतात. मी वर यायला धडपडतो, आणि सांडलेलं सगळं पाणी भरतं शंभर. अठ्ठेचाळीस भागिले शंभर, हीच माझी घनता.

पण भिंतीवरच्या तक्त्यात सागापुढे ०.६५ लिहिलंय, म्हणजे तरंगताना पासष्ट मिलिलिटर सांडायला हवं. मग मुलं म्हणत, "रीडिंग जुळव ना यार!" भांड्यातलं पाणी तेवढंच राही, वहीतलं वाढे. विज्ञानाच्या ललिताबाई लाल शाईने 'छान' लिहीत. चौदा वर्षं ते 'छान' मला सुईहून जास्त टोचलं.

यंदा नववीतली चैताली आली. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोलत वाढलेली पोर. तिने तीनदा मोजलं.

"बाई, अठ्ठेचाळीसच येतंय."

"सागाचं? उपाशी होता वाटतं तुझा साग!" वर्ग हसला. "नीट कर. पासष्ट आलं नाही तर जिल्हा प्रदर्शनाच्या यादीतून नाव काढीन."

"लिही ना गं पासष्ट," शेजारची तेजस्विनी कुजबुजली. "पाणी मोजायला कोण येतंय?"

"मी मोजलंय ना!"

चौथ्यांदा मामांनी भांडं भरलं. पुन्हा अठ्ठेचाळीस.

"मामा, माझा हातच वाकडा पडतोय का हो?"

मामा नुसती तोटी पुसत राहिले. मी भांड्याच्या कडेला टकटक आपटत होतो. मित्रांनो, दिसलं तेच लिहिणारा हात जपा. तो एकदा भ्याला की पुढे डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही.

चैतालीने खोडरबर उचललं. वहीतला चार पुसट झाला.

"बाई, पोरीला बोलू नका." मामांचा आवाज फाटला. "ते साग नाय, पॅलेटचं लाकूड हाय. खरा ठोकळा माझ्या हातनं जळाला. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, गप बसलो. तिचा आकडा बरोबर हाय."