एकटीच वारस

औंढ्याच्या चावडीवर त्या सकाळी धोंडाबाई कोरं लुगडं नेसून गेली. थोरला लेक मारुती गेला, तेव्हा तिच्या भावांनी दुखवट्याला आणलेलं ते लुगडं.

मारुतीला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याची बायको सविता कान्ह्याला माहेरी होती. दिवसकार्य आटोपलं की विधवेला चार दिवस माहेरी न्यायचं, तिचं दुःख हलकं करायचं, ही आपल्याकडची रीत. रीत मोठी मायेची. पण बाईची पाठ वळली की इकडे सासरी कागद बाहेर निघतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

धाकटा कैलास आईच्या मागेच लागला होता. "तिला ना लेकरू, ना बाळ. उद्या दुसरं लगीन करंल न् आपला तुकडा घिऊन जाईल. तू निस्तं 'मी एकलीच' म्हण. जमीन घरात ऱ्हाईल." मारुतीच्या नावावर वीस गुंठे होते. शेजारी बंगले उठले आणि त्या भाताच्या तुकड्याला एकाएकी भाव आला.

तलाठ्याने विचारलं, "मावशी, मयताला बायको?"

"न्हाई."

सविताचा नऊ वर्षांचा संसार तिने एका शब्दात पुसून टाकला. पंच म्हणून आलेल्या दोघा गावकऱ्यांनी मान खाली घालून सह्या केल्या. दोघेही मारुतीच्या लग्नात पोटभर जेवलेले होते.

तिसऱ्या दिवशी सविता परतली. आल्या आल्या तिने पिशवीतून बाटली काढली. "आत्या, गुडघ्याचं तेल आणलंय. तुमचं संपलं व्हतं न्हवं? आन् बांधावरचा पावटा भरलाय, उद्याच तोडायला जाते."

धोंडाबाईला मान वर करवेना. हिला घराबाहेर काढायची तजवीज आपण करून आलो, आणि हिला माहेरीसुद्धा आपले गुडघे आठवले! म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सविता," ती कशीबशी म्हणाली, "म्या चावडीत सांगून आले, मारुतीला बायकोच न्हाई म्हनून."

सविताने पिशवीचे बंद पुन्हा बांधले.

"जाऊ नगंस. नोटीस लागलीय, पंधरा दिसांत हरकत घेता येती. चल माझ्यासंगं."

कैलास दारात आडवा झाला. "आये, लोकं तोंडात शेण घालतील!"

"घालू दे. मी वागलेच तशी."

चावडीवर तलाठ्याने कागद पुढे ओढला. "हरकत कुणाच्या जबाबाला?"

"माझ्याच." धोंडाबाईने सविताकडे बोट केलं. "म्या खोटं बोलले. ही माझ्या लेकाची बायको, जित्ती हाय. जेवढा माझा हक्क, तेवढाच हिचा. लिवा."

सगळं लिहून होईपर्यंत दुपार झाली. धोंडाबाई बाहेर आली, तर सविता बरीच पुढे निघून गेली होती. ती सासूसाठी थांबली नाही, आणि तिला थांब म्हणायला धोंडाबाईला तोंड उरलं नव्हतं.

हे वाचून ज्यांना धोंडाबाईची चीड आली असेल, त्यांनी आपल्या घरचा सात-बारा काढावा, आणि त्यावर घरातल्या कुठल्या बाईचं नाव नाही ते एकदा बघावं.