ताईची भूमिका

माझी ताई नाटक कंपनीत बदली नटी होती. म्हणजे मुख्य नटी आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायचं, नाही पडली तर विंगेत बसायचं. आमच्या मुख्य नटीला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि बाई एकही प्रयोग चुकवत नसत. तरी ताई प्रत्येक प्रयोगाला चेहरा रंगवून विंगेतल्या स्टुलावर बसायची आणि बाईंच्या बरोबरीनं ओठ हलवायची. मी त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळत होते. त्यामुळे हे मला डोळ्यांनी बघावं लागे आणि दर वेळी माझं डोकं फिरे.

"अगं, दुसऱ्या कंपनीत जा," मी म्हणायचे. "लहान का होईना, स्वतःचं काम कर."

"मला हीच आई करायचीय," ती म्हणायची. विषय संपला.

आई म्हणजे त्या नाटकातली. शेवटच्या प्रवेशात ती पोटच्या मुलाला घराबाहेर काढते. ताईनं ते काम तरुणपणी पाहिलं आणि तिथेच अडकली. भाऊजींची बदली दुसऱ्या शहरात झाली, तर ही गेली नाही. ते बिचारे खानावळीत जेवत राहिले. स्वतःच्या मुलाचं म्हणाल तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता तेही राहून गेलं. लोक म्हणतात, माणसाला जिद्द हवी. हवी ना, पण जिद्दीनं माणसालाच खाल्लं तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

पुढे पुढे बाईंचा गुडघा कुरकुरायला लागला. शेवटचं लांबलचक भाषण उभ्यानं होईना, म्हणून त्या खुर्चीत बसून बोलू लागल्या. स्मरणशक्तीही दगा देत होती. मुलाला 'जा' म्हणण्याआधी वाक्य हमखास विसरत, आणि प्रॉम्प्टर कुजबुजेपर्यंत खुर्चीचा हात घट्ट धरून गप्प राहत. प्रेक्षकांना वाटे, काय अभिनय आहे! टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. खरं काय ते कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ताईलाही.

एका दुपारच्या प्रयोगाला बाईंचा गुडघा इतका सुजला की त्यांना रंगमंचाच्या चार पायऱ्या चढवेनात. दिग्दर्शकांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांनी ताईला पुढे केलं आणि व्यवस्थापकाला बजावलं, "जाहीर करू नका. अर्धं थिएटर उठून जाईल."

मी विंगेत उभी होते, जीव मुठीत धरून. ताईचा आवाज खणखणीत लागला. एक अडखळणं नाही, एक चूक नाही. मला वाटलं, झालं, ताईनं जिंकलं. मग शेवटचा प्रवेश आला आणि ताई खुर्चीत बसली. 'जा' म्हणण्याआधी खुर्चीचा हात धरून थांबली. प्रॉम्प्टरनं सवयीनं वाक्य कुजबुजलं. ते तिला झोपेतही पाठ होतं, पण त्याचं कुजबुजणं संपेपर्यंत ती थांबली आणि मगच बोलली. टाळ्या अगदी नेहमीसारख्या पडल्या.

मागच्या दारी एक म्हातारं जोडपं फुलं घेऊन आलं. "बाईंना द्या," म्हणाले. फुलं मी घेतली. काय सांगणार होते त्यांना?

मास्तर तर हवेत होते. "कमाल केलीस! बाई नव्हत्या हे एकालाही कळलं नाही!"

ताई खुलली. खरंच खुलली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी पायऱ्यांखालीच काठी टेकून बसून सगळा प्रयोग पाहिला होता. त्यांनी ताईला जवळ बोलावलं.

"माझा गुडघा दुखतो म्हणून मी बसते. तुझे पाय धड आहेत. तू का बसलीस गं?"

"तुम्ही बसता ना," ताई हसत म्हणाली.

"आणि थांबलीस का? मी तर विसरते म्हणून थांबते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. ताईचं हसू हळूहळू उतरलं.

बाईंनी ती भूमिका सोडली. मास्तरांना म्हणाल्या, "हिलाच द्या. पण हिचं हिला करू द्या." तालमीला त्या मुद्दाम येऊन बसल्या. ताई शेवटच्या प्रवेशाला उभी राहिली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं, पुन्हा दिलं. ताई नुसती हात चाळवत राहिली.

"मुलगा तुझा आहे," बाई म्हणाल्या. "कसं घालवशील तू त्याला?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "हे मी कधी मनातच आणलं नाही, बाई."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "राहू दे गं. होतं तसंच कर." ताई खुर्चीत बसली आणि भाषण घडाघडा वाहू लागलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई मात्र भाषण संपायच्या आधीच काठी घेऊन उठल्या.

संध्याकाळी ताई माझ्या कपडेपटाच्या खोलीत आली. आता ती मुख्य नटी होती; थिएटरच्या दारावरच्या फलकावर तिचं नाव रंगवायला घेतलं होतं. मी टेप काढली. म्हटलं, "ये, तुझं माप घेते. त्या आईचा काळा झगा नवा शिवते तुला. रंग दुसरा हवा असेल तर तसं सांग."

तिनं खुंटीवरचा बाईंचा झगा काढला आणि अंगावर चढवला. खांद्यावरून तो ओघळत होता.

"नवा नको," ती आरशात बघत म्हणाली. "हाच माझ्या मापाला आवळ."

मी तोंडात टाचण्या धरल्या, म्हणजे बोलावं लागत नाही, आणि झगा तिच्या मापाला आवळायला लागले.