यादीत नसलेला भूलतज्ज्ञ

गुरुवारी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि सोमवारी निवृत्त ग्रंथपालांच्या पायाखालची जमीन सरकली. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत होतं, सर्जनही होते. पण भूल द्यायला बाहेरून येणारे डॉक्टर विमा घेतच नव्हते. त्यांचं बिल वेगळं, आणि तेही न झेपणारं.

"पुढे ढकलू या," बायको म्हणाली. दोन वर्षं ती जिना बसून बसून उतरत होती. "नाहीतर लेकीला फोन करते. तुम्हाला नाही हो जमायचं. दुकानात सुटे मागतानाही घाम फुटतो तुम्हाला."

"मी बघतो," ते म्हणाले, आणि हे आपणच बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना.

विमा कंपनीकडून त्यांनी जवळपासच्या तीन भूलतज्ज्ञांची नावं मिळवली. ऐनवेळी ततपप होऊ नये म्हणून ग्रंथालयातल्या सवयीने सगळं बोलणं कार्डांवर लिहून काढलं. पहिल्या दवाखान्याने गुरुवार मोकळा नाही म्हणून बोळवण केली. दुसरीकडे फोन कुणी उचलेना. तिसरा दवाखाना दोनच गल्ल्या पलीकडे होता.

"नमस्कार. श्वास घ्या. मला थोडी माहिती हवी आहे," त्यांनी कार्ड वाचलं.

पलीकडची बाई खुदकन हसली. "घेतला श्वास. बोला काका."

स्वतःसाठी लिहिलेली सूचनाही आपण वाचून टाकली! त्यांचे कान तापले. पलंगावर बायको उशीत तोंड खुपसून हसत होती. फोन ठेवून द्यावासा वाटला; पण हातात पुढचं कार्ड होतं. गुरुवार मोकळा आहे का आणि विमा चालतो का, हे त्यांनी त्यावरून वाचलं.

"गुरुवार मोकळा आहे. विमाही घेतो आम्ही," बाई म्हणाली.

"आमच्या कंपनीचा? याच योजनेचा? बिल रुग्णालयामार्फत जाईल की वेगळं?"

"थांबा हं, डॉक्टरबाईंना विचारते. एवढं कुणी विचारत नाही हो!"

"मग लेखीच द्याल का?"

तासाभरात मोबाइलवर पत्र आलं: याच योजनेचा विमा चालेल, बिल रुग्णालयामार्फतच जाईल. डॉक्टरबाईंबरोबर काम करायला सर्जनची हरकत नव्हती. हे तर ग्रंथपालांनी कार्डाशिवाय विचारलं. बुधवारी विमा कंपनीची मंजुरीही आली.

गुरुवारी रुग्णालयातल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिले. "एकदम चोख काम. एजंट कोण तुमचा?"

ग्रंथपाल चाकांच्या खुर्चीमागे सरकले. खुर्चीतल्या बायकोने हात मागे नेऊन त्यांची बाही पकडली आणि त्यांना पुढे ओढलं.

"हे काय, हेच!" ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चला, आता न्या मला आत."