लाइनवर कोणीतरी आहे

मित्रांनो, मी एक जुनी सीरियल केबल आहे आणि नोकरीतली जवळजवळ सगळी वर्षं मी एक खोटं बोलत आले. आज ते सांगून टाकते.

माझा जन्म हवामान कचेरीच्या यंत्रखोलीत, एका डगमगत्या टेबलावर झाला. तिथल्या म्हाताऱ्या वर्कस्टेशनला, म्हणजे कचेरीच्या मोठ्या संगणकाला, फोनवरून बोलायला मोडेम आणला होता, पण दोघांची तोंडं जुळत नव्हती. तयार केबल कुठे मिळेना. मग कचेरीच्या वायरमनने, ज्याला सगळे तारमास्तर म्हणत, मला हाताने बनवलं. आत आठ तारा हव्या होत्या. त्याच्याकडच्या वायरीत सातच निघाल्या. राहिली ती आठवी. तिचं काम एवढंच, की पलीकडच्याने फोन ठेवला तर यंत्राला सांगायचं, आता लाइनवर कोणी नाही.

तारमास्तरने डोकं खाजवलं, माझ्या झाकणाच्या आत नखाएवढा तारेचा तुकडा वाकवला आणि डाग देऊन दोन पिनांना जोडला. त्यामुळे यंत्राला कायम वाटू लागलं, की लाइनवर कोणीतरी आहे. "चालतंय ना? मग झालं तर," तो म्हणाला. असा तुकडा आत आहे, ही चिठ्ठी लावायची मात्र राहूनच गेली.

मी चांगली कामसू निघाले. माझी लाइन फक्त टेकडीवरच्या केंद्रासाठी होती. तिथला निरीक्षक रोज दुपारी फोन लावायचा, वारा-पाऊस कळवायचा आणि मग काचेपलीकडच्या खोलीत नोंदी ठेवणाऱ्या आपल्या मुलीला दोन ओळी लिहायचा. फोन ठेवण्याआधी तो शिस्तीत यंत्रातलं आपलं काम बंद करायचा, म्हणून माझं खोटं कधी उघडं पडलं नाही.

एका दुपारी तो लिहीत होता, "आईला इथे फार एकटं वाटतं. तू एकदा ये, म्हणजे" आणि अक्षरं थांबली. टेबलाशीच त्याचं हृदय बंद पडलं होतं. थोड्या वेळाने लाइन तुटली. मोडेमला ते कळलं, पण यंत्राला मी कळू दिलं नाही.

मुलगी टेकडीवर गेली, राहिली आणि आईला "आठवड्याने परत येते" असं सांगून कामावर आली. जुन्या नोंदी हव्या होत्या, म्हणून तिने आपल्या टेबलावरच्या फोनवरून माझ्या लाइनचा नंबर जोडला. यंत्राने नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही; त्याच्या लेखी बाबा अजून लाइनवरच होते. बाबांची ती अर्धी ओळ सरळ तिच्या पडद्यावर आली.

पंख्याची वायर माझ्या अंगाला घासून गेली होती. पंखा फिरला की माझ्यात भणभण उठायची आणि कधीमधी तिचंच एखादं अक्षर होऊन यंत्रात शिरायचं. मुलीच्या डोळ्यांदेखत 'म्हणजे'च्या पुढे एक अक्षर उमटलं. तिने हात झटकन मागे घेतले.

"बाबा?" ती पुटपुटली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अगं ती मी आहे! पण मला तोंड कुठे? ती रोज सकाळी तो नंबर जोडून संध्याकाळपर्यंत बसू लागली. अक्षरं वाढत होती आणि ती त्यांचा अर्थ लावत होती. आठवडा उलटला, दुसरा उलटला, पण ती टेकडीवर गेली नाही.

शेवटी यंत्रखोलीतला फोन वाजला. तो तारमास्तरने उचलला. पलीकडे तिची आई होती.

"अहो, माझ्या लेकीचा फोन सारखा एंगेज लागतोय. बरी आहे ना ती? इथे मला कोणी नाही हो."

तारमास्तर काचेपलीकडे गेला. तिच्या पडद्यावर गेलेल्या निरीक्षकाची ओळ अजून उघडी दिसली आणि त्याला आपला तो तुकडा आठवला. तिला हाताला धरून त्याने माझ्याजवळ आणलं आणि माझं झाकण उघडलं.

"पोरी, हा माझा उद्योग. बाबा गेले हे यंत्राला मी कळूच दिलं नाही."

"मग अक्षरं कोण लिहितंय?"

त्याने पंखा बंद केला. दोघं काचेतून तिच्या पडद्याकडे बघत राहिली. नवं अक्षर आलं नाही.

"हा तुकडा कापला की ओळ जाईल. आधी जपून ठेव," तो म्हणाला.

ती टेबलाशी परतली. बाबांची नसलेली अक्षरं तिने एकेक करून पुसली. ती चोवीस होती. माझ्या भणभणीतून गेलेली अक्षरं मला पक्की ठाऊक होती, ती तेवीस. उरलेलं एक कुठून आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. 'म्हणजे'पाशी थांबून तिने ओळ साठवली आणि येऊन कात्री स्वतःच्या हातात घेतली.

तुकडा कापला गेला. यंत्राने ओळ मिटवली, लाइन सोडली. मिनिटभरात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने धावत जाऊन तो उचलला.

"आई," ती म्हणाली आणि रडू लागली. "येते गं. आजच निघते."

तारमास्तरने मग मला बाहेरून आठवी तार जोडली आणि त्यावर चिठ्ठी लावली. मित्रांनो, हाताने काही जोडाल तर कामचलाऊ करून सोडू नका. केलं असेल ते लिहून ठेवा. आणि कोणी उरलं नाही हे सांगणारी तार कधी गाळू नका. ती नसली, की जिवंत माणसांचा फोन लागत नाही.