चांदीच्या पिल्लासाठी घेतलेला नेम

मित्रांनो, मी एक म्हातारी राखणीची कुत्री आहे. माझे नाव चांदी. निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जिनदत्त आप्पांचा तंबाखूचा मळा आहे. तिथेच माझा सारा जन्म गेला. आता माझे पांढरे केस पिवळट पडले आहेत आणि दातांनी भाकरी तुटत नाही. भुंकते अजून, पण माझ्या भुंकण्याला कोल्हेसुद्धा भीक घालत नाहीत.

माझे कौतुक झाले नाही असे मी म्हणणार नाही. आप्पांची बायको राजमती आक्का मला पोटच्या पोरीसारखी जपायची. दुपारची भांडी आटोपली की ती मला उंबऱ्याशी आडवी करी, केस बाजूला सारून अंगावरचे गोचीड एकेक करून उपटी आणि रॉकेलच्या वाटीत टाकी. तेव्हा चाललेल्या महायुद्धामुळे रॉकेल मिळेनासे झाले होते. दिव्याला पुरत नव्हते, तरी माझी वाटी कधी चुकली नाही. मी डोळे मिटून पडत असे. सुख म्हणतात ते तेच असावे.

दुःख एकच होते, माझी पिल्ले जगत नव्हती. एका वेताची कोल्ह्यांनी नेली, दुसऱ्या वेताची झडीच्या पावसात गारठून गेली. आक्का माझ्याइतकीच रडली. तिलाही मूल नव्हते.

मग पाडवा आला. नव्या वर्षाला काहीतरी नेम घ्यायचा, ही त्या घरची रीत. कुणी गूळ सोडायचे, कुणी पायताण. आक्का बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊन आली आणि माझ्या कपाळाला गंध लावून म्हणाली, "चांदे, औंदा तुझ्यासाठी नेम घेतलाय गं. वरीसभर माझ्या हातनं एक बी जीव मरायचा न्हाय. त्या पुण्याईनं तुझी पिल्लं जगतील बघ."

मी शेपूट हलवली. मला काय कळत होते? दुसऱ्या दिवसापासून वाटी बंद झाली, कारण गोचीड हाही जीवच.

पावसाळ्याच्या तोंडाशी मला एकच पिल्लू झाले. तांबूस होते, पायात घुटमळणारे. आक्काने त्याला गोठ्यात पोते अंथरून दिले, स्वतःच्या वाटणीचे दूध पाजले. पाऊस लागला तसे गोचीड मातले. पिल्लाच्या कानात, पापण्यांवर, बोटांच्या बेचक्यांत हरभऱ्याएवढे टपोरे होऊन लोंबू लागले. मी दातांनी टिपून टिपून दमले. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या.

आप्पा एकदा चिडले. "अगं, मारू नगंस. काढून लांब टाकायला काय हुतंय?"

"वढलं की फुटत्यात त्ये. आन् लांब टाकलं तर उपाशी मरतील. पाप माझ्याच माथी की."

"मग मी काढतो."

"माझ्यापायी तुम्ही पाप करणार? नगं."

"बस्तीतल्या उपाध्यांना तरी इचार."

"देवाम्होरं बोलून बसले मी. आता काय इचारायचं? चांदीसाठीच चाललंय न्हवं सगळं?" आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

आप्पा मळ्याकडे निघून गेले. बायकोचे मन मोडायचे नाही, हा त्यांचा नेम असावा. माझा राग त्यांच्यावरही आहे.

श्रावणात पिल्लू गेले. शेवटी त्याला माझ्या अंगापर्यंत सरकताही येत नव्हते.

आक्का धाय मोकलून रडली. आप्पांनी बांधाला खड्डा काढला आणि ते पिल्लाला उचलणार तोच ती म्हणाली, "थांबा वो. ह्ये बिचारे जित्ते पुरले जातील."

ती खाली बसली. हळदीचे पान मांडीवर घेऊन पिल्लाच्या अंगावरचे गोचीड वेचू लागली. कानातले, पापण्यांवरचे, बेचक्यांतले. इतक्या हलक्या हाताने की एकही फुटला नाही. पान भरले, तेव्हा उठून ते तिने गवतात अलगद ठेवले. मी शेजारी उभी होते. मित्रांनो, मला चावता येत होते तेव्हा. मी चावले नाही, एवढेच.

पुढच्या पाडव्याला बस्तीत बायकांनी आक्काची ओटी भरली. वर्षभरात राजमतीच्या हातून एक मुंगीही मेली नाही, असे सगळे म्हणाले. अजूनही म्हणतात.

नव्या वर्षी आमच्यासाठी तुम्हाला नेम घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण देवाकडे जाण्याआधी आमच्या अंगावरून एकदा हात फिरवा, आम्हाला काय होते आहे ते बघा. आणि राजमती आक्काच्या त्या नेमाची गोष्ट कुणी तुम्हाला सांगितली, तर माझे एक पिल्लू होते, हे त्यांना सांगा.