बेसिक गाडीचा कौल

खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा ट्रक आंगणात येऊन उभा राहिला तो हललाच नाही. ताडपत्रीखाली कोंबडी अंडी घालू लागली. आमचे हे तरुणपणी दोडामार्गाहून या ट्रकांपायीच इकडे गोव्यात आले आणि सर्वण गावात घर केलं. सिद्धेश, आमचा मुलगा, ट्रक चालवत नसे, रंगवत असे. डिचोलीतल्या कितीतरी ट्रकांच्या दारांवरचे मोर त्याच्या हातचे. मागच्या फळीच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत तो लिहायचा, 'सिद्धेश, सर्वण'. ट्रक थांबले तशी ती अक्षरंही थांबली.

मग त्याने रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली आणि कारची कामं घ्यायला लागला. खरचटलेला बंपर, चेपलेलं दार, असलं काहीबाही. मस्कतहून माझा भाऊ शंभू सारखा फोन करायचा, पोराला पाठव म्हणून. सिद्धेश म्हणाला, "आये, चतुर्थीपर्यंत बघतंय. लोकांक माझा काम दिसला तर रवान, नायतर मामाकडे जाईन." तो हसत उठला, पण मी काही हसले नाही. हातातली कला घेऊन हा पोर तिकडे गोदामात खोकी मोजणार, हे मला देवापुढे बसल्यावरही दिसायचं.

आणि मग गोकुळदास शेट आले. डिचोली बाजारात त्यांचं भुसारी दुकान, मूळचे मात्र आमच्याच सर्वणचे. नवी कोरी पांढरी गाडी घेऊन आले होते. साधं, बेसिक मॉडेल. काळी हँडलं, लोखंडी चाकं, आत गोणपाटासारखी सीट.

"सिद्धेशा, हिची स्पोर्ट करून दी," शेट म्हणाले. "हुबेहूब. कंपनीच्या माणसाक कळता कामा नये."

सिद्धेश गाडीभोवती फिरला. ट्रकाच्या फळीवर मोर काढण्याआधी फिरायचा तसाच. म्हणाला, "होईल."

"आणि आयक. कोणाक सांगायचा नाय. माझो मेवणो बाबली पेडण्याहून येतलो. गेल्या जत्रेत तो सगळ्यांसमोर म्हणालो, भावोजी उद्या गाडी घेतले तरी बेसिकच घेतले. त्याका दिसाक व्हया, शोरूमातून अशीच आणली. शब्द दी."

सिद्धेशने शब्द दिला. मी आत शिलाई मशीनवर होते, ऐकत होते. शेट गेल्यावर म्हटलं, "अरे, लोकांनी तुझं काम पाहावं म्हणून चतुर्थीपर्यंत थांबलायस ना? हे तर तू केलंस हेच कोणाला कळणार नाही."

"काम मिळाला, तां पुरे नाय?"

"चांगलं झालं तर नाव कंपनीचं, बिघडलं तर तुझं."

"आये, शब्द दिलंय मी."

"दिलायस तर पाळ," मी म्हटलं. शब्दाच्या बाबतीत मी दुसरं काय सांगणार?

पण काम करताना त्याला पाहायला हवं होतं. छपरावर काळा चकचकीत कागद चढवताना साबणाचं पाणी मारायचा, एका हाताने ताणायचा, दुसऱ्या हाताने माझा केस वाळवायचा ड्रायर धरायचा; एक बुडबुडा राहिला तर पुन्हा सगळं सोलून काढायचा. जाळी काळी केली, हँडलं पांढरी केली, दारांखाली पट्ट्या बसवल्या, मागच्या काचेवर स्पॉयलर. अलॉय चाकं आली. धुक्याच्या दिव्यांसाठी बंपर कापायचा होता तेव्हा मात्र त्याने हातातली करवत खाली ठेवली आणि देव्हाऱ्यापुढे येऊन उभा राहिला. मी कुंकू लावलं. मग कापला, एका रेषेत.

सीटची कव्हरं माझी. काळं कापड, लाल दोऱ्याची दुहेरी टीप. आमचे हे पुढच्या सीटवर बसले, स्टिअरिंगला हात लावला आणि म्हणाले, "आता ही आपली वाटत नाय. उतरतंय." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर निघालेलं नाही.

शेवटी उरली मागची पाटी. लाल अक्षरांत 'स्पोर्ट'. ती शेटने कुठून तरी मागवली होती. देवळात जायच्या दिवशी, पहाटे शेडमध्ये सिद्धेशने ती चिकटवली. "आज हात लावू नकात हां," तो शेटना म्हणाला. "गोंद धरूक दिवस जाता."

त्यानंतर सगळे सातेरीच्या देवळात. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी देवीचा कौल घेतात. पुजारी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवीकडून पडली की देवीने हो म्हटलं असं समजायचं.

मी तिथे होतेच. रोज सकाळी देवळाचं आंगण झाडायचं, देवीच्या पायांशी फूल ठेवायचं, आणि तोपर्यंत ना बोलायचं ना खायचं, हा माझा लग्नापासूनचा नेम. आमचे हे म्हणतात, त्या नेमाचं पुण्य अर्धं त्यांना मिळतं. त्या दिवशी आंगण झाडून झालं, हातात अनंताचं फूल होतं, पण मी पोचेपर्यंत बाबाजी पुजाऱ्याने पाकळ्या लावल्या होत्या. कौल मागायला लावलेल्या पाकळ्या पडेपर्यंत देवीला हात लावता येत नाही. म्हणजे पाकळी पडेल तेव्हा माझं फूल, आणि फुलानंतर माझं तोंड. मी खांबाला टेकून उभी राहिले.

बाहेर पायऱ्यांसमोर गाडी झळकत होती. पेडण्याचा बाबली तिच्याभोवती दोन वेळा फिरून आला होता आणि गप्प झाला होता. शेटचा चेहरा सणासारखा. सिद्धेश लांब, फणसाखाली, परक्यासारखा उभा.

बाबाजीने विचारलं, "गाडी खंयची म्हणून सांगू?"

"स्पोर्ट," शेट म्हणाले.

"माये सातेरी म्हाराजा!" बाबाजीचा आवाज घुमला. "ह्या तुझ्या लेकरान, गोकुळदासान, नवी स्पोर्ट गाडी हाडली. तिची राखण कर, वाटेवरची इडा-पिडा दूर कर, आणि उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी मनात म्हणायला गेले, आणि तिथेच अडले. व्हय म्हणायला जीभ नाही हे बरंच झालं.

पाकळी हलली नाही. बाबाजीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. समईची वात कमी केली, पुन्हा वाढवली. पाकळी तशीच.

बाबली म्हणाला, "भावोजी, देवी विचारता, मायलेज कितको?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाजी हसला नाही. "काय तरी सांगूचा रवला," तो म्हणाला. "आठवा शेट."

शेटना घाम फुटला. "गेल्या जत्रेचो नारळ रवलो, देतंय."

पाकळी गप्प.

"धाकट्या भावाबरोबर बोलणा सोडलंय. बोलतंय. उद्याच बोलतंय."

"हां, तां बरा," बाबाजी म्हणाला. पाकळी गप्पच. आमचे हे माझ्या कानाशी कुजबुजले, "आणखी थोडा थांबूया. दुकानातल्या वजनांपर्यंत येतलो."

मी फणसाकडे पाहिलं. सिद्धेशची मान खाली होती. त्याने शब्द दिला होता. मी काही दिला नव्हता. आणि देवीसमोर तिच्याच दारात उभ्या केलेल्या वस्तूचं नाव चुकीचं सांगितलेलं मला माहीत होतं. माहीत असून फूल घेऊन उभं राहायचं, हे मला जमेना.

मी पायऱ्या उतरले. गाडीच्या मागे गेले. पाटीच्या कडेखाली नख घातलं. गोंद ओलाच होता, 'स्पोर्ट' अलगद माझ्या तळहातावर आली. ती घेऊन वर आले आणि उंबरठ्यावर, शेटच्या नारळाशेजारी ठेवली. मग पुन्हा खांबाला टेकले.

सगळ्यांच्या माना पाटीकडे वळल्या.

"ह्यां काय विनोदिनी?" बाबाजी म्हणाला. माझ्या हातातलं फूल पाहून त्याला आठवलं. "हो, तू आता बोलूचंस नाय."

शेट पाटीकडे बघत होते. मला वाटलं ओरडतील. मग त्यांनी हात जोडले, आणि जे बोलले ते देवीला, आम्हाला नव्हे.

"माये, गाडी बेसिक असा. बाकी सगळा ह्या सर्वणच्या सिद्धेशान केला. माझी हौस. नाव तेवढा चुकीचा सांगलंय. शब्दातून तेका मोकळो करतंय."

"व्हय म्हाराजा," बाबाजी हळू म्हणाला.

तोवर ऊन जनेलाच्या गजांतून आत आलं होतं. कोणी म्हणेल, पाणी सुकलं. म्हणू दे. उजवीकडची पाकळी सुटली आणि देवीच्या पावलाशी आली.

मी पुढे जाऊन तिच्याशेजारी फूल ठेवलं.

मागे वळते तर देवळात कोणी नाही. सगळे गाडीपाशी. बाबली गुडघ्यावर बसून दाराखालची पट्टी बोटाने वाजवत होता. "ही बेसिक? भावोजी, खरा सांगा, ही बेसिक?"

"आता देवीसमोर सांगलंय, आणखी खंय सांगू!"

"अरे, मी दोनदा फिरून इलंय हिच्याभोवती!" बाबलीने सिद्धेशला फणसाखालून ओढून आणलं. "छप्पर तू केलंस? ही लाल टीप कोणाची?"

"आयेची," सिद्धेश म्हणाला.

आता मला बोलायला मोकळीक होती. दिवसातले माझे पहिले शब्द बाबलीसाठी गेले. "तुमच्या गाडीचं कापड आणून द्या, टीप घालून देईन. बंपर मात्र हा कापेल."

"माझी तर बेसिकच असा," बाबली पटकन म्हणाला, आणि मग शेटकडे बघून त्याने जीभ चावली. शेट इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. गेल्या जत्रेत कोणाच्या गाडीबद्दल कोण बोललं होतं, हे त्या हसण्यात सगळं आलं. पेडण्यात आपल्या वाड्यावर आणखी कोणाकोणाच्या बेसिक उभ्या आहेत ते बाबली बोटांवर मोजायला लागला.

सिद्धेशने उंबरठ्यावरची पाटी उचलून शेटना दिली. शेटनी ती खिशात टाकली आणि गाडीच्या मागे बोट दाखवलं. "पण थय आता मोकळा दिसता रे. गोंदाचो डाग रवलो. काय तरी घाल."

सिद्धेशने माझ्याकडे पाहिलं. मी शेडकडे पाहिलं. तो धावत गेला आणि लाल रंगाची डबी आणि ट्रकांच्या दिवसांतला बारीक ब्रश घेऊन आला. त्याचे केस सुकून ताठ झाले होते. चोखून मऊ केले त्याने.

घरी परतताना आमचे हे म्हणाले, "तोंड उघडलंस नाय, पण सगळा बोललंस. ह्या नेमात बसता?"

"बसतं," मी म्हटलं. "चला, पोदेर पाव ठेवून गेला असेल. मला भूक लागलीय."

पोदेराने गरम उंडे दारातल्या पिशवीत ठेवले होते. चहा उकळत होता तेव्हा रस्त्यावरून गोकुळदास शेटची गाडी गेली, मुद्दाम हळूहळू. मागे उजव्या कोपऱ्यात, अजून ओली, लाल बारीक अक्षरं: 'सिद्धेश, सर्वण'.

शंभूचा फोन वाजत होता. मी चहा गाळून घेतला आणि मग उचलला.